ग्लेझ शेवटी लावा: आगळ-गुळातला भाजलेला चणक, पायरीपायरीने

ओव्हनमध्ये केलेला मासा बिघडला, अशी तक्रार माझ्याकडे दोन प्रकारे येते. पहिली अशी की वरचा गूळ करपून कडू झाला, पण काट्याजवळ मासा कच्चाच राहिला. दुसरी अशी की ट्रेमध्ये पाणी सुटलं, मासा उकडल्यासारखा फिका पडला आणि वरचं ग्लेझ, म्हणजे गूळ-आंबटाचा चकचकीत लेप, वाहून तळाला गेलं. दोन्हींचं कारण एकच आहे. आपण गोव्यात मासा तळायचा क्रम जसाच्या तसा ओव्हनला लावतो. तळताना मसाला आधी चोपडतो, मुरवतो आणि मग तव्यावर टाकतो. ग्लेझमध्ये गूळ असतो आणि गुळाला इतका वेळ आच सोसत नाही. म्हणून इथे क्रम उलटा आहे: मासा आधी कोरडा करायचा, ओव्हनमध्ये बराचसा शिजवून घ्यायचा आणि ग्लेझ शेवटच्या पाच-सहा मिनिटांत लावायचं.

खालचं सगळं प्रमाण चार जणांच्या रात्रीच्या जेवणाचं आहे.

सामान

- चणकाच्या (म्हणजे जिताड्याच्या) ४ जाड तुकड्या, प्रत्येकी साधारण १८० ते २०० ग्रॅम
- मीठ १ सपाट चहाचा चमचा, हळद अर्धा चमचा (हे माशाला लावायला)
- माडाचा गूळ ८० ग्रॅम, ठेचून
- आगळ (कोकमाचा खारवलेला घट्ट रस) ३ मोठे चमचे, पाणी ४ मोठे चमचे
- सुक्या लाल मिरच्या ३, लसूण ६ पाकळ्या, आलं अर्धा इंच
- तिरफळं ५
- खोबरेल तेल ३ मोठे चमचे
- सोबत भाजायला अर्धा किलो रताळी

आगळ नसेल तर ८ ते १० सोलं (सुकवलेली कोकमं) पाऊण वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा आणि तो रस गाळून घ्या. तो वापरलात तर वर सांगितलेलं ४ चमचे पाणी वेगळं लागत नाही, गूळ रसातच विरघळवा. माडाच्या सुरेचं विनेगरही चालतं, पण ते २ चमचेच घ्या. माडाचा गूळ मिळत नसेल तर उसाचा घ्या. ग्लेझ तेवढं काळसर होणार नाही, थोडं जास्त गोड लागेल.

१. बाजारात: जाडी सांगून घ्या

अर्धं काम इथेच ठरतं. मासळीबाजारात कापून देणाऱ्याला काही सांगितलं नाही, तर तो सवयीने रव्यात तळायच्या बेताच्या पातळ तुकड्या पाडतो. बोटाच्या अर्ध्या जाडीची तुकडी ओव्हनमध्ये सहा-सात मिनिटांत सुकते आणि ग्लेझ चकाकेपर्यंत तिचा भुसा होतो. म्हणून सुरी लागण्याआधीच सांगा: एक इंच जाड, सगळ्या सारख्या. बोटांनी जाडी दाखवा. चारांपैकी एक पातळ असली, तर घरी तिच्यासाठी वेगळी वेळ मोजत बसावं लागतं.

चणक मी पहिल्या पसंतीचा मानते, कारण त्याचं मांस घट्ट आणि पांढरं असतं, काटे मोठे असतात आणि थोडी जास्त आच लागली तरी तो लगेच सुकत नाही. तांबोसा तितकाच चांगला. इसवण (सुरमई) चालतो, पण तो लवकर कोरडा पडतो, त्याला दोन मिनिटं कमी द्या. पापलेट अख्खा ठेवा, तुकड्या करू नका. बांगडाही अख्खाच, दोन्ही बाजूंना तीन-तीन चिरा देऊन. तार्ले आणि मुडदुशे या कामाचे नाहीत. ते इतके नाजूक असतात की ब्रश फिरवतानाच तुटतात. त्यांना तव्यावरच न्याय मिळतो.

मासा पारखायची रीत बहुतेकांना ठाऊक असते: कल्ले लाल, डोळे फुगीर आणि स्वच्छ, बोट दाबलं की मांस परत वर येणारं, वास समुद्राचा आणि अमोनियासारखा उग्र नसलेला. यात एक गोष्ट मला आग्रहाने घालायची आहे. बांगडा आणि इसवण उन्हात राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवल्याने, तळल्याने किंवा भाजल्याने जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांधी उठणं हा त्रास त्यातूनच होतो. घर अर्ध्या तासापेक्षा लांब असेल तर बर्फासकट पिशवी मागा आणि बाजारातली शेवटची खरेदी माशाची ठेवा.

पावसाळ्यात: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा बहुतेकांच्या हाती गोठवलेला मासा येतो. तो चालतो. मात्र आदल्या रात्री फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवून, खाली ताट देऊन वितळवा. गरम पाण्यात टाकून घाई केलीत तर बाहेरचं मांस भुसभुशीत होतं आणि आतला गोळा बर्फच राहतो.

२. ग्लेझ आधी करून ठेवा

मासा फ्रिजमध्येच असू द्या आणि आधी ग्लेझ करा. गार झाल्यावरच त्याचा खरा दाटपणा कळतो. मासा ओव्हनमध्ये गेल्यावर घाईघाईने ग्लेझ आटवणाऱ्यांचं बहुतेक वेळा फसतं.

मिरच्या बिया काढून गरम पाण्यात २० मिनिटं भिजवा. मिरच्या, लसूण आणि आलं अगदी बारीक वाटा. भरड वाटण राहिलं तर त्यातले लसणाचे कण वरच्या आचेत सगळ्यात आधी काळे होतात. काणकोणकडची खोला मिरची मिळाली तर जरूर घ्या, रंग सुरेख येतो.

स्टीलच्या लहान पातेल्यात गूळ आणि पाणी घालून मंद आचेवर गूळ विरघळवा आणि बारीक गाळणीने गाळून घ्या. माडाच्या गुळात कचरा आणि खर असते. ती दाताखाली आली की सगळी मजा जाते. पातेलं धुऊन त्यात एक चमचा खोबरेल तेल घाला, वाटण मिनिटभर परता, कच्चा वास गेला की गुळाचं पाणी ओता. तिरफळं किंचित ठेचून, आतली काळी बी काढून टाका आणि नुसती सालं आत सोडा. एक उकळी आली की आगळ घाला. मंद आचेवर ६ ते ८ मिनिटं आटवा.

इशारा: अॅल्युमिनियमचं पातेलं किंवा लोखंडी कढई नको. आगळ आंबट आहे. भांड्याचा धातू त्यात उतरतो आणि चव बिघडते.

तपासणी: गार बशीवर एक थेंब टाका, अर्धं मिनिट थांबा, बोटाने मधोमध रेघ ओढा. रेघ तशीच राहिली आणि थेंब मधासारखा हलला, की गॅस बंद करा. लगेच भरून आली तर अजून दोन मिनिटं आटवा. थेंब चिक्कीसारखा ओढू लागला तर जास्त आटलंय. त्यात एक-एक चमचा गरम पाणी घालून सैल करा. गार झाल्यावर ग्लेझ आणखी दाट होतं, हे लक्षात ठेवून थोडं आधीच थांबा.

आता चाखा. या टप्प्यापर्यंत ग्लेझमध्ये मीठ घालायचं नाही. आगळात भरपूर मीठ असतं, शिवाय माशालाही लावणार आहोत. कमी वाटलं तरच चिमूटभर. तिरफळाची सालं वेचून काढा, ती वर राहिली तर जळून कडवट होतात.

मग ग्लेझचे दोन भाग करा. दोन हिस्से एका वाटीत, ब्रशसाठी. एक हिस्सा दुसऱ्या वाटीत, ताटात वरून घालण्यासाठी. ब्रश कच्च्या-पक्क्या माशाला लागून परत वाटीत जातो, त्यामुळे पहिल्या वाटीतलं उरलेलं ग्लेझ वाढायचं नाही. ही सवय एकदा लागली की आपोआप पाळली जाते.

३. ओव्हन खरंच तापू द्या

ओटीजी (घरातला छोटा विजेचा ओव्हन) २०० अंशांवर, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू ठेवून निदान १५ मिनिटं तापवा. दिवा विझला की ओव्हन तयार, असं बरेच जण समजतात. तो दिवा आतली हवा तापल्याचं सांगतो, भिंती आणि जाळी अजून थंड असतात. दार उघडलं की ती हवा निघून जाते आणि मासा कोमट पेटीत पडतो. पंखा चालू असलेला कन्व्हेक्शन ओव्हन असेल तर १८० अंश पुरेत.

ट्रे रिकामाच आत ठेवून तापवा. गरम ट्रेवर मासा ठेवला की खालची बाजू लगेच शिजू लागते आणि चिकट-ओली राहत नाही.

इशारा: ट्रेवर घालायचा कागद बेकिंग पेपर किंवा पार्चमेंट पेपर असाच हवा. दुकानात बटर पेपर म्हणून जो पातळ, मेणचट कागद मिळतो तो ओव्हनचा नाही. तो २०० अंशांत धुरकटतो आणि माशाला चिकटतो. माझ्या स्वयंपाकघरात एकदा असा कागद रॉडपाशी काळा पडून धूर झाला होता. तेव्हापासून मी पाकिटावर किती अंशांपर्यंत चालतो ते वाचल्याशिवाय कागद घेत नाही. अॅल्युमिनियम फॉइल आगळाच्या ग्लेझखाली टाळा, कारण तेच, आंबट आणि धातू.

रताळी आधी भाजून घ्या. २ सेंटिमीटरच्या चकत्या, एक चमचा तेल आणि मीठ लावून २५ मिनिटं. घरच्या लहान ओटीजीत दोन ट्रे एकदम घालू नका. भाजीची वाफ माशाला लागते आणि वरच्या ट्रेमुळे खालच्याला आच मिळत नाही. हिवाळ्यात काटेकणगां (एक कंद) मिळाली तर रताळ्यांऐवजी ती घ्या, मात्र आधी अर्धवट उकडून सोला.

४. मासा कोरडा करा

या पायरीवर मी सर्वांत जास्त बोलणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक घाई करतात.

तुकड्या एकदा वाहत्या पाण्याखाली धुवा आणि काट्यालगतचं काळं रक्त नखाने किंवा सुरीच्या टोकाने काढा. ते राहिलं तर भाजल्यावर कडवट लागतं. मीठ आणि हळद दोन्ही बाजूंना चोळून तुकड्या ताटात पसरा, एकावर एक रचू नका, आणि १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. मिठाने पाणी सुटेल. ते पाणी ताटातून ओतून द्या. मग प्रत्येक तुकडी स्वच्छ सुती फडक्याने किंवा किचन पेपरने दाबून टिपा. वरची बाजू, खालची बाजू, कातडीची कड, काट्याजवळची खाच. फडकं ओलं झालं की दुसरं घ्या. गोठवलेला मासा असेल तर पाच मिनिटांनी पुन्हा टिपा, कारण त्याला पाणी सुटतच राहतं.

पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत ओव्हनची सगळी आच ते पाणी उडवण्यात जाते. तोवर मासा भाजला जात नाही, वाफेवर शिजतो. ट्रेमधलं ते पांढरट पाणी आणि घसरून पडलेलं ग्लेझ इथूनच सुरू होतं. ओल्या माशावर दाट ग्लेझही टिकत नाही.

तपासणी: तुकडीला बोट लावा. बोट किंचित चिकटलं पाहिजे, ओलं व्हायला नको.

लिंबू, विनेगर किंवा आगळ या वेळी माशाला लावू नका. तासभर आंबटात मुरवायची सवय आपल्या हाताला असते. पण आंबटात २० मिनिटांहून जास्त राहिलेल्या माशाचं वरचं मांस पांढरं पडून भुगा होतं. आंबट चव ग्लेझमधून येणारच आहे.

आता तेल. फ्रिजमधून काढलेल्या थंड माशावर खोबरेल ओतलं की ते जागीच थिजतं आणि एका ठिकाणी गोळा, दुसरीकडे कोरडं असं होतं. म्हणून उरलेलं तेल वाटीत कोमट करा आणि ब्रशने पातळ हात फिरवा. पोटाकडच्या तुकडीला दोन पातळ पाकळ्या असतात. त्या आत दुमडून टूथपिकने टोचा, नाहीतर मधलं जाड मांस शिजेपर्यंत त्या करपतात.

५. पहिली आच, ग्लेझशिवाय

रताळी काढून झाकून ठेवा. गरम ट्रे बाहेर काढा, त्यावर बेकिंग पेपर आणि तुकड्या ठेवा. दोन तुकड्यांत दोन बोटं अंतर सोडा. एकमेकींना लागून ठेवल्या तर मधली कड उकडल्यासारखी राहते. ट्रे मधल्या जाळीवर, २०० अंश, ९ मिनिटं.

या नऊ मिनिटांत दार उघडायचं नाही. उलटवायचंही नाही.

वेळ अडीच सेंटिमीटर जाडीची आहे. दोन सेंटिमीटर असेल तर ७ मिनिटं, तीन असेल तर ११. अख्खा बांगडा १० मिनिटं, चारशे ग्रॅमचा अख्खा पापलेटही तेवढाच. प्रत्येक ओटीजीची आच वेगळी असते, म्हणून पहिल्यांदा एका मिनिटाने आधी पाहा आणि पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवा.

तपासणी: बाहेरून मांस पांढरं, काट्यालगत अजून किंचित काचेसारखं पारदर्शक. थर्मामीटर असेल तर सर्वांत जाड भागात, काट्याला न टेकवता खुपसा. ४८ ते ५० अंश दिसले की ग्लेझची वेळ झाली. काट्याला टेकलं तर आकडा चुकीचा येतो.

मधेच वीज गेली तर दार बंदच ठेवा, पाच-सात मिनिटं आतली आच काम करत राहते. त्याहून जास्त वेळ लागला तर जाड तवा तापवा, तुकड्या त्यावर घ्या आणि झाकण ठेवून पूर्ण करा. ग्लेझ तिथेही शेवटच्या दोन मिनिटांतच लावायचं.

६. ग्लेझचे दोन हात

ट्रे बाहेर काढा. ट्रेमध्ये थोडं पाणी दिसलं तर किचन पेपरच्या टोकाने टिपून घ्या, माशाला धक्का लावू नका. ग्लेझ फार दाट झालं असेल तर वाटी गरम पाण्यात मिनिटभर ठेवून सैल करा. ब्रशने वरच्या बाजूला आणि कडांना पातळ हात द्या. जाड थर एकदम दिला तर वरून पापुद्रा धरतो, खाली ओलं राहतं आणि सगळं घसरतं.

ट्रे परत मधल्या जाळीवर, ३ मिनिटं. पुन्हा काढा, दुसरा पातळ हात द्या. आता ट्रे एक जाळी वर सरकवा आणि फक्त वरचा रॉड चालू ठेवा. रॉड आणि मासा यांत निदान १० सेंटिमीटर अंतर हवं. २ मिनिटं, फार तर ३.

इशारा: या दोन मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नका. फोन घेऊ नका, पानं वाढायला जाऊ नका. गूळ चकाकण्यापासून करपण्यापर्यंतचं अंतर पाऊण मिनिटाचं असतं. ग्लेझवर बारीक बुडबुडे येऊ लागले आणि कडा गडद तांबूस झाल्या, की काढा. काळे ठिपके दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

ग्लेझ झालं आणि मासा आत कच्चा वाटला, तर वरचा रॉड बंद करा, आच १६० अंशांवर आणा आणि खालच्या जाळीवर ३ मिनिटं द्या. उलट मासा शिजला आणि ग्लेझ फिकं राहिलं, तर तसाच काढा. फिकं ग्लेझ वाटीतल्या ग्लेझने झाकता येतं, सुकलेला मासा कशानेही परत येत नाही.

तपासणी: ओव्हनमधून काढताना मध्यभागी ६० अंश असले की पुरे. तीन मिनिटं बाहेर ठेवल्यावर आतली आच पसरून ६३ पर्यंत जाते, आणि सुरक्षित मासा खायला तेवढंच हवं. थर्मामीटर नसेल तर पातळ सुरी काट्याला लागून घाला. मांस काट्यापासून हलक्या जोराने सुटलं, आत कुठेही पारदर्शक नाही, तर झालं. न जोर लावता पापुद्रे गळून पडले आणि वर पांढरे थेंब आले असतील, तर जास्त शिजलाय. पुढच्या वेळी पहिल्या आचेतली दोन मिनिटं कमी करा.

७. पानावर

मासा तीन मिनिटं उघडाच ठेवा. झाकलात तर वाफेने ग्लेझ पुन्हा पातळ होतं. तेवढ्यात रताळी बंद करून ठेवलेल्या गरम ओव्हनमध्ये परत टाका. टूथपिक काढायला विसरू नका, विशेषतः मुलं जेवायला असतील तर.

उकड्या तांदळाचा भात, रताळी, वरून राखून ठेवलेल्या वाटीतलं चमचाभर ग्लेझ आणि बाजूला कच्चा कांदा. सोलकढी करणार असाल तर आगळ बेताने वापरा, पानात दोन-दोन ठिकाणी तीच आंबट चव नको.

आठ वाजता जेवायचं असेल तर वेळ अशी बसते: ६:३५ ला मिरच्या भिजत घाला, उकडे तांदूळ धुऊन ठेवा. ६:५५ ला ग्लेझ आणि भात. ७:०० ला ओव्हन. ७:१५ ला रताळी आत. ७:२० ला माशाला मीठ. ७:४० ला रताळी बाहेर, मासा आत. ७:४९ ला पहिला हात, ७:५३ ला दुसरा. ७:५६ ला ट्रे बाहेर.

उरलेला मासा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, आमच्या दमट हवेत त्याआधीच. दुसऱ्या दिवशी तो ओव्हनमध्ये गरम करू नका, गूळ नक्की जळेल. काटे काढून कुस्करा, कांदा आणि थोडं ओलं खोबरं घालून तव्यावर वाफ येईपर्यंत परता आणि पावात भरा. ट्रेला चिकटलेला गूळ घासत बसू नका. उकळतं पाणी ओतून अर्धा तास ठेवला की तो आपोआप सुटतो.